बेडकाला पट्टे चढवताना

३ तारीख, मंगळवार

आरोग्य केंद्राने ते वाहन आज एकदाचं आमच्या वर्कशॉपच्या गळ्यात मारलं. आठ टायरांचं, छप्पर नसलेलं, पोट होडीसारखं गुळगुळीत. जमिनीवर चालतं, पाण्यात पोहतं. बायकोने बघताक्षणी नाव ठेवलं, बेडूक. ती त्याच केंद्रात नर्स आहे आणि ते चालवणारही तीच, तेव्हा नाव ठेवायचा हक्क तिचाच म्हणे.

पलीकडच्या वस्तीचा लाकडी पूल गेल्या महिन्यात खचला. मध्ये दीड किलोमीटर चिखल आणि लव्हाळं, अन् बरोबर मधोमध खोल पाणी. होडी चिखलात रुतते, जीपचं तर नावच नको. बेडूक मागच्या आठवड्यात नुसत्या टायरांवर गेलं ते शंभर पावलांवर पोट टेकून बसलं, वर एक टायर फुटला. दोरांनी ओढून काढलं. म्हणून आता त्याला रबराचे पट्टे चढवायचे, रणगाड्याला असतात तसे. डावीकडच्या चार टायरांवरून एक, उजवीकडच्या चारांवरून एक. पट्टे दोन खोक्यांत आलेत. सोबत पुस्तिका आहे. तिच्यातली चित्रं बरी आहेत, भाषा अगाध.

वस्तीत एक जाळी विणणारी आहे, तिला नववा लागलाय. मागच्या खेपेला तिचं रक्त थांबत नव्हतं. मूल गेलं, ती जेमतेम वाचली. या वेळची तारीख अठरा आहे. त्याआधी बायकोला तिला गाठायचंय. म्हणजे माझ्या हातात पंधरा दिवस.

दादाला विचारलं, होईल ना? तो म्हणाला, "धाकट्या, पट्टेच चढवायचेत, हत्ती नाही." दादा बाजूला उभा असला की मला कशाची भीती वाटत नाही. हे त्याला कधी सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

४ तारीख, बुधवार

दिवसभर पुस्तिका वाचली. म्हणजे मी वाचली, मोठ्याने, शाळेतल्या पोरासारखं उभं राहून. दादाचा चष्मा घरी राहिला होता. महिनाभर रोजच घरी राहतोय. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि दोन वाक्यं परत वाचायला लावली. एक, सगळ्या टायरांचा घेर सारखा हवा, हवा भरल्यावर एकशे नव्वद सेंटिमीटर. दोन, एका बाजूच्या टायरांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर पट्टा वळणावर निसटतो.

निसटतो म्हणजे काय, ते चित्रात आहे. चित्रातला माणूस जमिनीवर उभा आहे. पाण्यात निसटला तर काय, त्याचं चित्र नाही.

५ तारीख, गुरुवार

आज घेर मोजले. आमच्या वर्कशॉपचा नियम वडिलांपासूनचा, अण्णांपासूनचा आहे: एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि मोजलेलं परत मोजायचं नाही. नवानवा कामाला लागलो तेव्हा मी दादाचं माप एकदा पुन्हा तपासलं होतं. अण्णांनी मला तिथल्या तिथे बाहेर काढलं. "परत मोजलंस म्हणजे त्याला खोटा ठरवलंस," म्हणाले. तेव्हापासून मोजतो दादा, लिहितो मी. तीस वर्षं झाली, एक नट वाया गेलेला नाही.

हवेचा दाब मी बघितला. दादाचे हात ग्रीसचे होते. मग तो टायराला टेप गुंडाळून बसला. अंगठा फिरवत फिरवत सावकाश जायचा, अन् सांगायचा. एकशे नव्वद. एकशे नव्वद. पुढचा? एकशे नव्वद. आठच्या आठ एकशे नव्वद. मी म्हटलं, वा, काय शिस्तीचं बेडूक आहे. दादा काही हसला नाही.

संध्याकाळी बायकोने वही बघितली. "एकही मिलिमीटर इकडेतिकडे नाही?" म्हणाली. मी म्हटलं, ताप मोजायचं काम तुझं, हे आमचं.

७ तारीख, शनिवार

मनाला लागलंय म्हणून लिहितो. सकाळी दादा आणि वहिनी समोरून येत होते, मी पानवाल्याच्या पायरीवर उभा होतो. दोन हातांवर होते. वहिनीने मान हलवली. दादा तसाच पुढे गेला, जसा मी पायरीचा दगड. मी हाक मारल्यावर थांबला. "अरे, तू होय," म्हणाला.

हल्ली वहिनी रोज त्याला वर्कशॉपपर्यंत सोडायला येते. चालणं होतं म्हणे. चाळीस वर्षं दोघं एकत्र कधी चालले नाहीत ते आत्ता सुचलं? आणि दादा बोलताना माझ्याकडे सरळ बघत नाही. तोंड एकीकडे, नजर कडेने. माणूस मनात काही ठेवून असला की असा बघतो. माझा अंदाज, त्याला वेगळं व्हायचंय. जावयाचं स्वतःचं गॅरेज आहे, तिकडे बोलावणं आलं असेल. सरळ सांगावं की. मी काय पाय धरून बसणार आहे?

बसेनही. पण ते त्याला कशाला कळायला हवं.

९ तारीख, सोमवार

उजवा पट्टा चढला. आधी पट्टा जमिनीवर सतरंजीसारखा पसरायचा, बेडूक हळूच त्यावर न्यायचं, मग मागचं टोक टायरांवरून उचलून पुढे आणायचं. दोन्ही टोकं कप्पीने ओढून जवळ घ्यायची आणि जोडपिन ठोकायची. सांगायला चार वाक्यं, करायला चार तास. कंबर कामातून गेली.

ताणाचा बोल्ट मी पिळतो, ताण बघायचा तो दादानेच. दोन टायरांच्या मध्ये पट्ट्यावर तळवा ठेवतो, दाबतो, जरा थांबतो. "अर्धा फेरा अजून," म्हणतो, आणि तो बरोबर असतो. पुस्तिकेत लिहिलंय दोन बोटं दबायला हवा. मी दादाच्या हाताखाली बोटं घालून बघितली, तंतोतंत दोन.

डाव्या पट्ट्याने मात्र घाम काढला. पट्ट्यावर दिशेचा बाण कोरलेला असतो. दादाने पसरला तो उलटा. पिन ठोकून झाल्यावर मला दिसलं. पुन्हा सगळं उतरवलं. बाण बारीक आहे, काळ्यावर काळा, कुणाचीही चूक होईल. तरी दादाची आजवर झाली नव्हती. त्याचं मन कामात नाही, दुसरं काय.

१० तारीख, मंगळवार

आवारात चालवून बघितलं. बेडूक डावीकडे ओढतं. हँडल सरळ धरलं तरी कुंपणाकडे जातं. आणि डावीकडून साखळीचा कटकट आवाज, दर फेऱ्याला एकदा. झोप उडवणारा आवाज आहे.

साखळी काढली, धुतली, बसवली. बेअरिंगला ग्रीस भरलं. आवाज आहे तिथेच. दादा कान लावून बसला होता. "तिसऱ्या टायरापाशी," म्हणाला. टायर ठीक आहे, मापात आहे, मी म्हटलं. तो बराच वेळ टायरावर हात ठेवून बसला होता.

आठ दिवस राहिले.

११ तारीख, बुधवार

बायकोशी वाजलं. ती म्हणाली, "अहो, घेर एकदा परत मोजा."

मी म्हटलं, आमच्यात परत मोजत नाहीत.

"आमच्यात म्हणजे कुणात? मी दोनदा बघितल्याशिवाय सुई टोचत नाही. त्यात बसणार मी आहे."

"दादाचं माप आहे ते."

"म्हणूनच म्हणतेय," ती म्हणाली. विचारलं तर ताटं उचलून आत गेली. तिचंही आताशा अर्धं बोलणं घशातच राहतं. सगळ्यांनी मिळून काहीतरी ठरवलंय आणि मी एकटा बाहेर, असं वाटतं.

टेप घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो होतो खरा. दादा तिथेच होता. मी टेप खिशात घातला.

१२ तारीख, गुरुवार

तोड सापडली. उजवीकडचा ब्रेक थोडा घट्ट केला, डावीकडचा सैल. बेडूक सुतासारखं सरळ धावलं. कटकट आहे, पण नवं रबर आवाज करतंच. मी खूश. दादाला म्हटलं, बघितलंस? तो म्हणाला, "हे म्हणजे दात दुखतो म्हणून गालाला फडकं बांधणं झालं."

मग दात कुठला ते सांग, म्हटलं. त्याने पाना पुसायला घेतला.

वहिनी डबा घेऊन आली आणि जाईना. दादा हात धुवायला गेला तसं हळूच म्हणाली, "भाऊजी, त्यांनी केलेलं तुम्हीपण एकदा बघत जा ना." मला इतका राग आला. नवऱ्याच्या पाठीमागे त्याच्या कामावर शंका? मी म्हटलं, वहिनी, त्याच्या हातावर माझा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास आहे. तिचे डोळे भरून आले. चांगलं बोललो म्हणून असेल.

शनिवारी जुन्या खाणीच्या तळ्यात चाचणी. दादाने हट्ट धरलाय, बेडकाला मागून दोर बांधूनच पाण्यात सोडायचं. जाड दोर, दुहेरी गाठ. केवढी काळजी त्याला. मी उगाच नाही नाही ते मनात आणत होतो.

१४ तारीख, शनिवार

ती ठीक आहे. आधी हे लिहून टाकतो.

तळ्याच्या मध्यापर्यंत सुरेख गेली. पट्टे पाणी कापत होते, केंद्रातले लोक टाळ्या वाजवत होते. तिने उजवीकडे वळवलं आणि डावा पट्टा टायरांवरून घसरला. एका टोकाने आत अडकला, बाकीचा खाली लोंबला. उजवी बाजू चालू, डावी बंद. बेडूक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं आणि डावीकडे कलंडलं. कडेवरून पाणी आत शिरताना मला दिसत होतं. तिने इंजिन बंद केलं, उजव्या कडेवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी कड धरली. ओरडली नाही. मी ओरडत होतो.

दोर होता म्हणून. सहा जणांनी ओढला, सगळ्यात पुढे दादा. त्याचे तळवे सोलून निघाले.

काठाला आल्यावर ती गुडघाभर पाण्यात उतरली, दादाकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, आता तुम्ही सांगता की मी सांगू?" दादा वहिनीचा हात धरून निघून गेला. मी विचारलं, काय सांगायचंय? तिचे दात वाजत होते. "टेप घ्या," म्हणाली.

१५ तारीख, रविवार

मोजले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सात टायर एकशे नव्वद, कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. डावीकडचा तिसरा एकशे शहाऐंशी. चार सेंटिमीटर कमी. पहिल्या खेपेला जो फुटला होता त्याच्या जागी केंद्रातल्या कुणीतरी जुना झिजलेला चढवलाय. नक्षी बघूनही कळतं. मी बघितलीच नाही.

टेप घेऊनच दादाकडे गेलो. म्हटलं, हे काय आहे? त्याने टेप हातात घेतला आणि मान वळवून, कोंबडी दाण्याकडे बघते तसा कडेने बघायला लागला. मग खाली ठेवला.

"मधोमध काही राहिलं नाही रे," म्हणाला. "ढग आल्यासारखं असतं. कडेचं दिसतं. तुझं तोंड दिसत नाही, कान दिसतात. आकडे तर पावसाळ्याआधीच गेले. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाहीत."

"मग एकशे नव्वद कुठून आणलंस?"

"तू आदल्या दिवशी वाचून दाखवलं होतंस. सात हाताला सारखे लागले. तिसरा कमी लागला. पण किती, ते सांगता येईना. म्हटलं, हवेने भरून निघेल."

मी विचारलं, सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "मोजणारा म्हणून मी तिथे आहे. ते गेलं तर मी काय करू, चहा?"

इथपर्यंत मी ठीक होतो. इथे थांबायला हवं होतं. पण मला तो दोर आठवला.

"दोर बांधायला लावलास," मी म्हटलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं. दिसत नाही हे माफ आहे, दादा. पण ती त्यात बसली तेव्हा तू दहा पावलांवर होतास. तोंड उघडायला डोळे लागत नाहीत."

वहिनी दारात रडत होती. दादा म्हणाला, "खरं आहे." एवढंच. त्याने भांडायला हवं होतं.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. चष्मा, पायरी, कडेची नजर, उलटा बाण, सगळं लिहिलंय, माझ्याच अक्षरात. बायकोला वहिनीने दहा तारखेला सांगितलं होतं. दादाने शपथ घातली होती, चाचणीआधी मीच सांगेन म्हणून. ही म्हणते, मीही चुकले, बसायला नको होतं. मी म्हटलं, तू का बसलीस? म्हणाली, "अकरा तारखेला तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही टेप घेऊन गेला होतात ना? मला वाटलं, मोजलं असेल."



१६ तारीख, सोमवार

दादा आला नाही. फुटलेला मूळ टायर केंद्रातून आणून मी शिवून घेतला, हवा भरली. एकशे नव्वद. तीनदा मोजला. ब्रेक होते तसे केले. एकट्याने डावा पट्टा चढवला, दुपार झाली. आवारात तीन फेऱ्या मारल्या. कटकट गेली.

राहिला ताण. तळवा ठेवतो, दाबतो. एकदा दोन बोटं येतात, एकदा तीन, एकदा दीड. घट्ट झाला तर बेअरिंग खाईल, सैल राहिला तर पुन्हा तळ्यासारखं होईल. माझ्या हाताला काही कळत नाही. तीस वर्षं लिहीतच होतो ना.

चार वाजता वस्तीतून फोन आला. जाळी विणणारीला कळा सुरू झाल्या, दोन दिवस आधीच. बायको पिशवी घेऊन वर्कशॉपमध्ये आली. "झालंय?" मी म्हटलं, दहा मिनिटं दे, आणि दादाकडे पळत गेलो.

तो बूट घालून खुर्चीत बसला होता. वहिनी म्हणाली, सकाळपासून असाच बसलाय. मी माफी मागितली नाही, त्यानेही नाही. म्हटलं, चल. तो उठला. मी हात पुढे केला तेव्हा जरा घुटमळला, मग धरला. भररस्त्यातून आम्ही दोन म्हातारे हात धरून चाललो होतो. लोक बघत होते. बघू देत.

सोललेल्या तळव्यांना फडकं बांधलं होतं, ते त्याने सोडलं. पट्टा दाबला. "उजवा एक फेरा सैल. डावा पाव फेरा घट्ट. अजून थोडा. बास." मी बोटं घालून बघितली. बायकोने पुढे होऊन स्वतः बघितली. मग तिने टेप काढला, आठही टायर स्वतः मोजले आणि आकडे मोठ्याने सांगितले. दादा ऐकत होता. शेवटच्या टायराला म्हणाला, "पोरी, हा परत एकदा." तिने परत मोजला.

१७ तारीख, मंगळवार

सकाळी सात वाजता फोन आला. मुलगी. रक्त खूप गेलं, पण वेळेवर सुया दिल्या, थांबलं. दोघी ठीक आहेत. ही तिथेच राहणार आहे दोन दिवस. आवाज बसला होता तिचा. मी फोनवर रडलो, तिने ऐकू आलं नाही असं दाखवलं.

काल संध्याकाळचं लिहायचं राहिलंय.

साडेपाचला तिने बेडूक चिखलात घातलं. वर्कशॉपवाले, केंद्रवाले सगळे काठावर. दोर नव्हता, दीड किलोमीटरचा दोर कुठून आणणार. दादा माझ्या शेजारी उभा होता, तोंड पार दुसरीकडे, बाभळीकडे केलेलं. कडेच्या नजरेने तिला धरायला बघत होता. शंभर पावलांनंतर ते कडेचंही गेलं असावं. त्याने विचारलं, "कुठवर गेली?"

मी सांगायला लागलो. चिखल संपत आला. लव्हाळ्यात शिरली. डावा पट्टा? जागेवर आहे. उजवा? तोही. आता पाण्यात उतरतेय. तरंगली. पाणी कुठवर आहे? कडेच्या खाली, बरंच खाली. वळतेय का? नाही, सरळ आहे. दादाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की आज तिथे निळं पडलंय. मग तिला प्रवाहामुळे उजवीकडे वळवावं लागलं. मी बोलायचा थांबलो. "बोल," तो म्हणाला. मी म्हटलं, वळतेय. वळली. पट्टा आहे. दादा, पट्टा आहे.

पलीकडच्या काठावर चढून तिने मागे बघितलं. ठिपक्याएवढी दिसत होती. मी म्हटलं, "हात हलवतेय ती."

दादाने हात वर केला आणि हलवायला लागला, सोललेला तळवा तिकडे करून. मला वाटतं त्याची दिशा चुकली होती. ती तोवर वस्तीकडे वळली होती, दिसेनाशी झाली होती. तो हलवतच होता. मी त्याला थांब म्हटलं नाही.